तिसऱ्या भोकाजवळचा तडा

१

पडद्यावरचं हाड पाहून सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा प्राचीचे हात मांडीवरच राहिले. ते हाड तिच्या आत्याचं होतं.

व्यासपीठावर नील देवस्थळी उभा होता. वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपनीत प्राची नोकरी करायची, तिचा तो मालक. त्यांचं सॉफ्टवेअर पेशंटच्या स्कॅनवरून त्याचं हाड संगणकात जसंच्या तसं उभं करायचं. मोडलेल्या जागी धातूची प्लेट बसवायची, त्यावर माणसाचं वजन टाकायचं आणि त्याला महिनोन्महिने चालवायचं, सगळं पडद्यावर. प्लेट जिथे तुटेल तिथे लाल ठिपका उमटायचा. त्यामागचं गणित लिहिणाऱ्यांत प्राची होती.

"माणसांवर प्रयोग करायचे दिवस आता संपले," नील सांगत होता. "यापुढे जे तुटायचं ते कॉम्प्युटरमध्येच तुटेल. हा बघा, रुग्ण क्रमांक एकतीस. सॉफ्टवेअर म्हणतं, प्लेट खालून तिसऱ्या भोकाशी तुटणार. आणि हा त्याच पेशंटचा खरा एक्स-रे!"

एक्स-रेमध्ये प्लेट खालून तिसऱ्या भोकाशीच तुटलेली होती. समोरच्या रांगेतून डॉ. गुरुदत्त केंकरे उठले आणि त्यांनी हात जोडून टाळ्या स्वीकारल्या. ऑपरेशन त्यांचं होतं, अभ्यासही त्यांच्याच नावाचा होता.

प्राची मात्र तुटलेल्या जागेच्या वर बघत होती. तिथे हाडाला एक गाठ होती आणि तिथून ते बाहेरच्या अंगाला वाकलेलं होतं. हौसाबाई, तिची आत्या, लहानपणी गावच्या घरात माळ्यावरून पडलेली. गावातल्या माणसानं कांबी बांधून बसवलेलं मांडीचं हाड वाकडंच जुळलं. त्या हाडाच्या फिल्म प्राचीनं डोंबिवलीजवळच्या कोपर गावातल्या घरी खिडकीला धरून इतक्या वेळा पाहिल्या होत्या की ती गाठ तिनं डोळे मिटूनही काढली असती.

गेल्या वर्षी आत्याची तीच मांडी पुन्हा मोडली. डॉ. गुरुदत्तांनी प्लेट बसवली. काही महिन्यांनी पोळीभाजीच्या दुकानाकडे जाताना भर रस्त्यात ती तुटली. दुसरं ऑपरेशन झालं, जखमेत पू झाला, विष रक्तात भिनलं आणि आत्या गेली. तेव्हा डॉक्टर घरच्यांना म्हणालेले, "कुठेतरी पडल्या असतील. त्याशिवाय प्लेट तुटत नाही." आपण बहिणीवर लक्ष ठेवलं नाही म्हणून प्राचीचे वडील, आबा, अजून स्वतःलाच दोष देत होते.

आणि इथे ही सगळी माणसं त्या मोडलेल्या प्लेटला टाळ्या वाजवत होती!

प्राची उभी राहिली. "सर, एक प्रश्न. हे गणित प्लेट तुटल्यावर केलं, की आधी?"

नीलनं आधी डॉक्टरांकडे पाहिलं. मग माइक तोंडाशी नेला. "ऑफ कोर्स, नंतर."

२

"आबा, ती प्लेट कुठे आहे?"

आबांनी कपाटातून एक स्टीलची डबी काढली. दुसऱ्या ऑपरेशननंतर वॉर्डातल्या सिस्टरनं, सगळ्यांना देतात तशी, तुटलेली प्लेट त्यांच्या हाती ठेवली होती. टाकून द्यायला त्यांचं मन धजावलं नव्हतं.

प्राचीनं दोन्ही तुकडे उजेडात जुळवून धरले. हौसाबाईंच्या वाकड्या हाडाला पडलेला बाक नेमका त्या प्लेटलाही होता.

"आबा, पहिल्या वेळी ऑपरेशन लगेच केलं नव्हतं ना?"

"नाही गं. आठवडाभर तिच्या पायाला वजन बांधून ठेवलेलं. सूज उतरू दे म्हणाले. किती कळवळायची ती."

प्राचीनं प्लेटच्या कडेवरून नख फिरवलं. बाजारातल्या प्लेट साच्यातल्या येतात. एखादं हाड वेगळं असलं तर सर्जन ऑपरेशनच्या टेबलावरच पकडीनं प्लेटला बाक देतो आणि पकडीच्या दातांचे वळ धातूवर उठतात. इथे एकही वळ नव्हता. कड आरशासारखी गुळगुळीत. म्हणजे ही प्लेट नंतर वाकवलेली नव्हती, ती मुळातच वाकडी घडवलेली होती. या एकाच हाडासाठी. त्यासाठी हाडाचा हुबेहूब आकार ऑपरेशनच्या आधी कुणाच्यातरी संगणकात असायला हवा होता, आणि प्लेट घडवायला तो आठवडा.

आणि कुणाच्या संगणकात, हे शोधायला कुठे लांब जायला नको होतं. हाडावरून प्लेटचा आकार काढण्याचा जो भाग त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, तो प्राचीनंच लिहिला होता. वजनाची चाचणी झाल्याशिवाय तो आकार बाहेरच द्यायचा नाही, असं तिनं मुद्दाम करून ठेवलेलं. पेशंटच्या भल्यासाठी.

म्हणजे आत्या ऑपरेशनच्या टेबलावर चढण्याआधीच तो लाल ठिपका कुणीतरी पाहिलेला होता.

"काय झालं गं?" आबांनी विचारलं.

"आत्या पडली नव्हती, आबा." ती म्हणाली. "ती कुठेही पडली नव्हती."

३

हॉस्पिटलमधून आलेले स्कॅन कंपनीत फक्त दोघांनाच उघडता यायचे. एक नील आणि दुसरा अद्वय. अद्वय स्कॅनवरून हाडं बनवायचा. अबोल, कामाला वाघ असलेला पोरगा. प्राचीनं त्याला सकाळीच कंपनीबाहेरच्या टपरीवर गाठलं आणि तुटलेली प्लेट त्याच्या चहाच्या ग्लासाशेजारी ठेवली.

"रुग्ण एकतीस. माझी आत्या."

अद्वयचा चेहरा पांढरा पडला. "नाव नसतं गं स्कॅनवर. आईशपथ, मला माहीत नव्हतं."

"लाल ठिपका दिसलेला तुला?"

"दिसलेला ना. मी नीलला लगेच सांगितलेलं. तो म्हणाला, टेन्शन नको घेऊ, ही जुनी केस आहे, बाईचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. आपल्याला जुन्याच केसेसची परवानगी आहे ना?"

"मग प्लेटचा आकार कशाला काढलास?"

"तोपण अभ्यासासाठीच म्हणाला." अद्वयनं ग्लास खाली ठेवला. "प्राची, मी विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं." त्याची समजूत घालण्याइतकं तिच्यात काही उरलं नव्हतं.

नीलच्या केबिनचं दार तिनं न ठोठावताच उघडलं. त्यानं आधी हसून पाहिलं, मग अंगावर ओरडून पाहिलं. तिनं प्लेटचे तुकडे टेबलावर आपटले तेव्हा तो खुर्चीत बसला.

"ओके. ऑपरेशनच्या आधी केलेलं," तो शेवटी म्हणाला. "गुरुदत्त सरांना तशी प्लेट ट्राय करायची होती. पण लाल आलं तेव्हा मी त्यांना स्वतः फोन केला. म्हटलं, सर, ही तुटणार, तिसऱ्या भोकाशी. ते म्हणाले, मी तिला चालूच देणार नाही, तोवर हाड जुळेल. ते सर्जन आहेत यार! मी कोण त्यांना शिकवणारा?"

"आणि तुटल्यावर? तेव्हा नाही वाटलं विचारावं?"

नील खिडकीकडे पाहू लागला. "आमचं प्रेडिक्शन बरोबर आलेलं, प्राची. कुणी मानत नव्हतं आम्हांला. सगळे म्हणायचे, खरी तुटलेली प्लेट दाखवा, मग बोला."

आपण याला मारू, असं प्राचीला क्षणभर खरोखरच वाटलं. ती दोन पावलं मागे सरकली.

"फोन केल्याचा पुरावा?"

"नुसतं बोलणं झालेलं. ते नाही म्हणाले तर माझ्याकडे काही नाही."

४

हॉस्पिटलच्या नैतिकता समितीच्या अध्यक्ष डॉ. सरोज पाटणकर डोंबिवली पूर्वेला राहायच्या. सगळी डोंबिवली त्यांना सरोजताई म्हणायचं. पेशंटवर होणाऱ्या कुठल्याही अभ्यासाला याच समितीची परवानगी लागायची.

"परवानगी मी दिली होती," सरोजताई शांतपणे म्हणाल्या. "पण फक्त जुन्या स्कॅनना. नाव काढून टाकलेल्या जुन्या चित्रांसाठी प्रत्येकाला शोधून संमती घेत बसलो, तर वैद्यकशास्त्र पुढे कसं जाणार? ज्यात पेशंटचं नुकसान नाही, तिथे मी अडून बसत नाही."

"नुकसान नाही?" प्राची उसळली. "नाव काढलंत म्हणूनच तर हे झालं! तिथे हौसाबाई असं लिहिलेलं असतं तर अद्वयनं मला विचारलं असतं. क्रमांक एकतीसबद्दल कोण कुणाला विचारणार?"

सरोजताईंनी तिला अडवलं नाही. त्यांनी प्लेटचे तुकडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग त्यांनी तिच्यासमोरच डॉ. गुरुदत्तांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि नील काय म्हणतो ते सांगितलं.

"तशी प्लेट वापरली, हे मान्य. तुमची परवानगी घ्यायची राहिली, चूक झाली," पलीकडून मऊ आवाज आला. "पण ती तुटणार हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. नील आता स्वतःला वाचवतोय. मला माहीत असतं तर मी बसवली असती का, ताई? माझी पेशंट होती ती."

फोन बंद झाला. सरोजताई म्हणाल्या, "मुली, एक म्हणतो सांगितलं, दुसरा म्हणतो ऐकलंच नाही. दोघांतला एक खोटं बोलतोय. कोणता, हे रागानं ठरत नाही. मला दाखवता येईल असं काहीतरी आण."

५

प्राची घरी आली तेव्हा आबांनी सगळ्या फिल्म खिडकीच्या काचेवर ओळीनं चिकटवून ठेवल्या होत्या. बहीण पडली नव्हती हे कळल्यापासून ते त्यांच्यासमोर बसून होते.

"इतका चांगला डॉक्टर गं," ते म्हणाले. "दर सोमवारी स्वतः फोन करायचा. हौसाताई, किती चाललात? अजून चाला, जिने चढा. फुकट एक्स-रे काढायचा. आम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगायचो."

"चाला म्हणायचे? काठी, वॉकर काही नाही?"

"नको म्हणायचे. पूर्ण वजन टाका म्हणायचे."

प्राची खिडकीजवळ गेली. हाड मोडलं होतं ते वर, मांडीच्या मध्यावर. सर्जनला पाहायचं असतं ते मोडलेलं हाड जुळतंय का हे, म्हणून ती जागा चित्राच्या मधोमध यायला हवी. इथे ती वरच्या कडेला, जेमतेम मावलेली. दुसऱ्या फिल्ममध्येही तसंच. तिसऱ्यातही. ज्यानं चित्र काढायला सांगितलं त्याला मोडलेलं हाड बघायचंच नव्हतं.

मधोमध काय होतं? तिनं बोट ठेवलं. खालून तिसरं भोक.

ती पुन्हा पहिल्या फिल्मपाशी आली. ऑपरेशननंतर लगेचची. प्लेट नवीकोरी, कुठे केसाएवढाही तडा नाही. तडा पडायच्या कितीतरी आधीपासून एक माणूस त्या जागेवर डोळा ठेवून होता. एक्स-रे कुठे धरायचा हे नील सांगू शकत नाही. अद्वय सांगू शकत नाही. ते फक्त डॉक्टर सांगतो.

निष्काळजीपणा नव्हता हा. नीलनं त्यांना फोन केला होता, आणि त्यांनी तो नीट ऐकला होता. भाकीत खरं ठरायला एक प्लेट खरोखर तुटायला हवी होती. म्हणून आत्याला चालवलं. दर सोमवारी, गोड बोलून, ती तुटेपर्यंत चालवलं.

आणि मग दुसरा विचार आला. एकच प्लेट तुटली तर लोक योगायोग म्हणतील. दुसरीही लागेल.

६

अद्वयला एवढंच आठवत होतं की दिवाळीनंतर त्यानं आणखी एक हाड केलेलं आणि त्यातही लाल ठिपका आलेला. पुरुषाचं हाड, उजवी मांडी. नाव अर्थातच नव्हतं.

म्हणून प्राची डॉ. गुरुदत्तांच्या ओपीडीत जाऊन बसली. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी एक थोराड म्हातारा आत आला. किंचित लंगडत होता, पण हातात काठी नव्हती आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

"खोपट डेपोला ड्रायव्हर होतो. उभी हयात यष्टी हाकली," तो शेजारच्या बाईंना सांगत होता. "ह्या पायानं ब्रेक दाबून दाबून घाट उतरलोय. डॉक्टर म्हणतात, विठ्ठलराव, तुमच्यासारखा पेशंट नाही. दर सोमवारी फोन असतोय त्यांचा!"

प्राची त्याच्या शेजारी सरकली. "काका, तुमचा एक्स-रे बघू का? माझ्या आत्याचंपण असंच झालेलं."

त्यानं हौसेनं फिल्म काढून दिली. तिनं ती ट्यूबलाइटकडे धरली. मोडलेली जागा तळाला, कडेला गेलेली. मधोमध, नेमकं, वरून दुसरं भोक. प्लेट अजून शाबूत होती.

"काका, तुम्ही आता उठू नका. मी व्हीलचेअर मागवते. तुम्हांला एक गोष्ट सांगायचीय आणि ती पूर्ण ऐकून घ्या."

त्यानं ती ऐकली. आधी हसला, मग तिच्यावर भडकला. "माझा डॉक्टर देवमाणूस आहे! तू कोण, कुठली?" लोक वळून पाहू लागले. प्राचीनं पिशवीतून आत्याची फिल्म काढून त्याच्या फिल्मशेजारी धरली आणि बोट ठेवत एकेक गोष्ट दाखवली. विठ्ठलराव दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत राहिले. हळूहळू त्यांनी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि समोरच्या बाकावर ठेवला.

७

समितीची बैठक हॉस्पिटलच्या तळमजल्यावर भरली. सरोजताई, समितीचे सभासद, नील, अद्वय आणि डॉ. गुरुदत्त. प्राचीनं आत्याच्या फिल्म प्रकाशपेटीवर लावल्या आणि जे दिसलं होतं ते सांगितलं.

डॉ. गुरुदत्त जराही डगमगले नाहीत. "इंजिनिअर बाईंना वैद्यक कळत नाही, यात त्यांचा दोष नाही. हौसाबाईंच्या हाडाचा तिथे टवका उडाला होता. तो भरतोय का, हे मला बघायचं होतं. म्हणून एक्स-रे तिथे धरला. एवढं साधं आहे."

सभासदांनी माना डोलावल्या. सरोजताईंनी प्राचीकडे पाहिलं.

प्राचीनं दार उघडलं. अद्वयनं बाहेर जाऊन विठ्ठलरावांची चाकाची खुर्ची आत आणली. तिनं त्यांची फिल्म पेटीवर लावली. "इथे कुठे टवका उडालाय, डॉक्टर? हाड मोडलंय तळाला. तुम्ही बघताय वरून दुसरं भोक. अद्वय, तुझ्या पडद्यावर लाल कुठे आलेलं?"

"वरून दुसऱ्या भोकाशी," अद्वय म्हणाला.

"योगायोग," डॉक्टर म्हणाले. पण आवाजातली साय गेली होती.

"असेल. मग सोपं आहे." प्राची त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "तुम्हांला काहीच माहीत नाही. ही प्लेट चांगली आहे. तर या सगळ्यांच्या देखत काकांना सांगा. उठा, पूर्ण वजन टाका, तो जिना चढून दाखवा. दर सोमवारी फोनवर सांगता तेच. आता सांगा."

विठ्ठलरावांनी खुर्चीच्या हातांवर पंजे टेकले. उठायचं नाही, हे त्यांचं आणि प्राचीचं आधीच ठरलं होतं. पण डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या पंजांकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

"बसून राहा, विठ्ठलराव," ते पुटपुटले.

"का?" म्हाताऱ्याचा आवाज फुटला. "परवा तर म्हणालात, रोज दोन मजले चढा. का बसून राहू? बोला की डॉक्टर!"

डॉ. गुरुदत्त ताठ झाले आणि त्यांना राग आला, जणू अन्याय त्यांच्यावरच झाला होता. "तुम्हांला कळत नाहीये मी काय करत होतो! हे एकदा सिद्ध झालं असतं तर हजारो लोकांचे पाय वाचले असते. तुटली तर लगेच दुसरी बसवणार होतो. पू होईल हे कुणाला माहीत होतं? एका पेशंटला थोडा त्रास, आणि पुढे कायमचं..."

"विचारलंत का तिला?" प्राचीनं विचारलं.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती!"

"मग तेच तिचं उत्तर होतं," प्राची म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी नीलनं मान खाली घातली. "आणि तुम्हांला ते माहीत होतं."

सरोजताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परवानगीच्या कागदावर सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "पोलिसांत तक्रार मी स्वतः देईन. त्यात माझं नावही घालीन."

८

गुन्हा नोंदला गेला. डॉ. गुरुदत्तांना जामीन मिळाला आणि त्यांनी मोठा वकील दिला. नीलनं पडद्यावरचं ते हाड काढून टाकलं आणि प्राचीला कंपनीत वरचं पद देऊ केलं. तिनं राजीनामा त्याच्या टेबलावर ठेवला आणि मागे न बघता बाहेर पडली. राग काही उतरला नाही. खटला उभा राहील, तारखा पडतील, आबा प्रत्येक तारखेला जातील. राग बराच काळ पुरवावा लागणार होता.

विठ्ठलरावांची प्लेट बदलायचं ऑपरेशन कल्याणच्या एका हॉस्पिटलात ठरलं. तिथली सर्जन तरुण होती, अंतरा नावाची. आदल्या दुपारी ती त्यांच्या खाटेशी आली. विठ्ठलरावांनी तिला बसवून घेतलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्लेट कोणती? कुणी बनवली? किती जणांना बसवली? चालायचं कधी? भूल कोण देणार? डॉ. अंतरानं दोनदा घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायला गेली तेव्हा बाजूच्या स्टुलावर बसलेल्या प्राचीशी तिची नजरानजर झाली, आणि तिनं घड्याळ घातलेला हात पाठीमागे घेतला.

शेवटी तिनं एक कागद पुढे केला. "काका, हे वेगळं आहे. तुमचा स्कॅन आम्हांला शिकवण्यासाठी वापरायचाय. नाव येणार नाही. याचा कुणालाही त्रास नाही, उलट मुलांना शिकायला मिळेल."

विठ्ठलरावांनी कागद डोळ्यांशी धरून सावकाश वाचला.

"नाही म्हटलं तर ऑपरेशन थांबणार का?"

"छे, अजिबात नाही. सकाळी आठलाच होईल."

"नीट होईल? असंच नीट?"

"असंच."

"मग नाही," विठ्ठलराव म्हणाले, आणि कागद तिच्या हातात परत दिला.